टायर खाणारी गाडी, टायर राखणारा चालक

उसाचा हंगाम भरात आला की शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावरच्या टायरच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत खच्चून भरलेला ऊस, मधूनच तोडणी कामगारांची बैलांची टायरगाडी. न्हावरे, पाटस, आलेगाव ही या पट्ट्यातली साखर कारखान्यांची गावे. फडातून निघालेले वजन कारखान्याच्या काट्यावर पोचेपर्यंत सगळा भार टायरवर असतो आणि तो कसा पेलला गेला हे टायरवरच उमटते.

ते वाचायला या दुकानांत यंत्र लागत नाही. दुकानदार चाक खोलण्याआधी टायरवरून तळहात फिरवतो. मधला पट्टा गुळगुळीत आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त भरली गेली आहे. दोन्ही कडा गेल्या आणि मधली नक्षी उभी असेल तर हवा कमी आहे. हात बाहेरून आत नेताना मऊ लागले आणि आतून बाहेर आणताना बोटांना बारीक धार जाणवली, तर चाके सरळ रेषेत नाहीत. ‘गाडी टायर खातीय’ असे तो सांगतो आणि अलाइनमेंट करायला लावतो.

मोटारशर्यतीतली टीमही टायरकडे याच नजरेने पाहते. फरक वेळेचा आणि किमतीचा. ट्रॉलीचा टायर कित्येक महिने झिजत राहतो, तर फॉर्म्युला वनचा टायर तासाभरात संपू शकतो. एवढ्या वेळात तो किती झिजला, किती उरला आणि कधी बदलायचा, हे गाडी धावत असतानाच ओळखावे लागते. ही विद्या टीमने कशी कमावली, त्याची ही हकिगत आहे.

सुरुवात रबरापासून करावी लागते. डांबरी रस्ता सपाट दिसला तरी खडीची बारीक टोके त्यावर वर आलेली असतात. टायरचे रबर त्या टोकांभोवती दबते आणि पुढे सरकताना पुन्हा मूळ आकारात यायला किंचित उशीर लावते. या उशिरातून विरोध निर्माण होतो. पकडीचा एक भाग तो. दुसरा भाग चिकटण्याचा. रबराचे रेणू रस्त्याला क्षणभर चिकटतात, ताणले जातात आणि सुटतात. या दोन्ही क्रियांना तापमान जमून यावे लागते. रबर गार असेल तर ते कडक राहते आणि खडीत नीट बसत नाही. फार तापले तर ते ढिले पडते आणि ताण सोसत नाही. फॉर्म्युला वनचे टायर साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास आपले खरे काम करतात. म्हणून गाडीला बसवण्याआधी त्यांना विजेच्या गरम गोधड्या गुंडाळलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्यायला हवी. टायर अजिबात न घसरता पकड देऊ शकत नाही. वळणावर चाक ज्या दिशेला तोंड करून असते आणि गाडी ज्या दिशेला जाते, त्यात काही अंशांचा फरक पडतो. या छोट्याशा घसरणीतूनच गाडी वळवणारी ताकद मिळते. म्हणजे पकड हवी तर थोडी घसरण आलीच आणि घसरण आली की झीज आली. झीज शून्यावर आणायची असेल तर गाडी उभीच ठेवावी लागेल. टीमला ठरवायचे असते ते एवढेच, की हे रबर कुठल्या फेरीत आणि कशासाठी खर्च करायचे.

टायर दोन प्रकारे संपतो आणि बाहेरून पाहणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते. पहिला प्रकार सरळ झिजेचा. शर्यतीच्या टायरवर कामाचे रबर काही मिलिमीटरच असते आणि ते घासून जाते. दुसऱ्या प्रकाराला शर्यतीच्या जगात डिग्रेडेशन म्हणतात. त्यात रबर जागेवर असते, पण पुन्हा पुन्हा तापून त्याचा चिवटपणा गेलेला असतो. टायर दिसायला ठीक आणि फेरीचा वेळ मात्र वाढत चाललेला, अशी ती अवस्था. त्याखेरीज दोन आजार आहेत. वरचा थर गार आणि घसरण जास्त असेल तर रबराच्या वळ्या निघून पृष्ठभाग खरबरीत होतो. हे ग्रेनिंग. पोटातले रबर जास्त तापले तर आत फोड धरून ते फुटतात. हे ब्लिस्टरिंग. ग्रेनिंग झालेला टायर जपून चालवला तर काही फेऱ्यांनी पुन्हा साफ होऊ शकतो. ब्लिस्टरिंगमध्ये गेलेला तुकडा मात्र परत येत नाही.

हे सगळे शिकण्याचा दिवस शुक्रवार. सरावाच्या सत्रात गाडीत भरपूर इंधन भरून चालकाला सलग दहापंधरा फेऱ्या मारायला लावतात. गाडी परत आली की तंत्रज्ञ टायरवर चिकटलेला रबराचा चिखल गरम हवेच्या बंदुकीने मऊ करून पातीने खरवडतो. त्याखाली टायरच्या रुंदीभर मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रे दिसू लागतात. प्रत्येक छिद्रात मापकाची सुई घालून तो खोली मोजतो आणि आतली कड, मध्य, बाहेरची कड असे आकडे कागदावर उतरवतो. टायरचा दुकानदार तळहाताने करतो तीच ही तपासणी, आकड्यांत मांडलेली. धावत्या गाडीत चाकातला सेन्सर हवेचा दाब सांगत असतो आणि चाकाजवळचा इन्फ्रारेड सेन्सर पृष्ठभागाचे तापमान.

फेऱ्यांच्या वेळांचे वाचन त्याहून नाजूक आहे. गाडी प्रत्येक फेरीत इंधन जाळते, हलकी होते आणि त्यामुळे वेगवान होत जाते. दहा किलो वजन कमी झाले की फेरीमागे सुमारे ०.३ सेकंद वाचतो असा ढोबळ हिशेब आहे. फेरीला अडीच किलो इंधन जळत असेल, तर नुसत्या वजनामुळे प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा ०.०७ ते ०.०८ सेकंदाने जलद व्हायला हवी. चालकाचे वेळ दहा फेऱ्या अगदी सारखे आले, तर नवखा म्हणेल की टायर झिजलाच नाही. अभियंता म्हणेल की टायर दर फेरीला ०.०७-०.०८ सेकंद गमावतो आहे. इंधनाचा नफा वजा केल्याशिवाय टायरचा तोटा दिसत नाही.

हा तोटा एकदा कळला की थांबायचे केव्हा, हे गणिताने सुटते. टायर दर फेरीला ०.१ सेकंद मंद होतो असे धरा. पहिल्या फेरीत तोटा शून्य, दुसरीत ०.१, विसावीत १.९ सेकंद. वीस फेऱ्यांची बेरीज १९ सेकंद. एकाच टायरवर चाळीस फेऱ्या काढल्या तर बेरीज होते ७८ सेकंद. मध्ये एकदा टायर बदलला तर वीस फेऱ्यांचे दोन तुकडे पडतात आणि तोटा ३८ सेकंदांवर येतो. म्हणजे ४० सेकंद वाचले. टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, जाऊन येण्याला २२ सेकंद लागत असतील, तर थांबण्यात १८ सेकंदांचा फायदा. आता त्याच टायरचा तोटा निम्म्यावर, ०.०५ सेकंदावर आणा. एका दमात ३९ सेकंद, दोन तुकड्यांत १९. वाचले फक्त २० आणि थांबायला लागतात २२. निर्णय उलटला! टायर हळुवार वापरणाऱ्या चालकाला टीम एवढी किंमत का देते, ते या आकड्यांत आहे.

हे गणित भारतीय प्रेक्षकांसमोर अगदी ठळकपणे मांडले गेले ते २७ ऑक्टोबर २०१३ रोजी, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. शर्यत ६० फेऱ्यांची, फेरी ५.१२५ किलोमीटरची. पिरेली कंपनीने मऊ आणि मध्यम असे दोन प्रकार आणले होते. मऊ टायर पंधरा फेऱ्यांपेक्षा आणि मध्यम पस्तीसपेक्षा जास्त चालवू नये, असा कंपनीचा सल्ला होता. नियमाप्रमाणे दोन्ही प्रकार शर्यतीत वापरणे भागच होते. सेबॅस्टियन व्हेटेल मऊ टायरवर सर्वांत पुढून सुटला आणि दुसऱ्याच फेरीअखेर पिटमध्ये शिरला. मऊ टायर लवकर मान टाकणार हे ओळखून रेड बुल टीमने ती सक्ती सुरुवातीलाच उरकून टाकली. तो क्रमवारीत खूप मागे फेकला गेला, मध्यम टायरवर एकेक गाडी मागे टाकत पुढे आला आणि जवळजवळ ३० सेकंदांच्या फरकाने जिंकला. त्याचे सलग चौथे जगज्जेतेपद त्याच दिवशी पक्के झाले.

त्याहून शिकण्यासारखी कामगिरी लोटसच्या रोमाँ ग्रोझाँची आहे. तो सतराव्या जागेवरून निघाला. मऊ टायर त्याने तेरा फेऱ्या टिकवले, मग मध्यम टायर बसवले आणि त्याच जोडावर उरलेल्या ४७ फेऱ्या काढल्या. फक्त एकदा थांबून तो तिसरा आला. लोटसची ती गाडी टायरला हळुवार म्हणून ओळखली जायची. पण त्याच टीमच्या, तशाच गाडीतल्या किमी रायकोनेनने सातव्या फेरीनंतर मध्यम टायर घेतले आणि तेवढ्यावर शेवट गाठायचा प्रयत्न केला. त्याचे टायर आधी संपले. मागचे एकामागून एक पुढे निघून गेले. अखेर दोन फेऱ्या उरल्या असताना नवे टायर घ्यावे लागले आणि तो सातवा आला. नव्या टायरवर त्याने शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारली, पण त्याचा उपयोग उरला नव्हता. एकाला साधले आणि दुसऱ्याला साधले नाही, यात सहा फेऱ्यांचा फरक होता. टायरच्या आयुष्याची कड किती धारदार असते ते यावरून कळावे.

सल्ल्यापेक्षा बारा फेऱ्या जास्त काढणे हा धोकाच होता, हेही म्हटले पाहिजे. त्याच वर्षी ३० जूनला सिल्व्हरस्टोनला लुईस हॅमिल्टन, फेलिपे मासा, जाँ-एरिक व्हर्न आणि सर्जिओ पेरेझ यांचे डावे मागचे टायर ऐन वेगात फाटले होते. पिरेलीने त्यामागे टीमच्या काही सवयी दाखवून दिल्या. उजव्या बाजूचा टायर डावीकडे बसवणे, दाब फार कमी ठेवणे, चाक जास्त कलते ठेवणे. प्रत्येक सवयीतून थोडी जास्त पकड मिळत होती. त्यात ट्रॅकच्या कडेच्या उंच कर्बचे आघात मिळाले आणि टायरचा सांगाडा हरला. पुढच्याच शर्यतीपासून मागच्या टायरमधला पोलादी पट्टा काढून केव्हलारचा घातला गेला आणि टायरची बाजू बदलण्यावर बंदी आली. मर्यादा कुठे आहे, हे त्या दिवशी टायर फाटल्यावरच सगळ्यांना कळले.

टायर कंपनीला शिकावा लागलेला सर्वांत महागडा धडा मात्र १९ जून २००५ चा, इंडियानापोलिसचा. तिथल्या तेराव्या वळणावर रस्ता तिरपा बांधलेला आहे, गाड्या पूर्ण वेगात तिथून जातात आणि डाव्या मागच्या टायरवर प्रचंड भार येतो. सरावात राल्फ शूमाकरच्या गाडीचा मिशेलिन टायर तिथेच निकामी होऊन अपघात झाला. आपला टायर पूर्ण शर्यत टिकेल याची हमी मिशेलिन देऊ शकली नाही. त्या वर्षी शर्यतीच्या मध्ये टायर बदलायलाही मनाई होती. परिणामी मिशेलिनच्या सातही टीमच्या १४ गाड्या एक फेरी मारून पिटमध्ये परतल्या आणि ब्रिजस्टोन टायरच्या फक्त सहा गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. जॉर्डन टीमचा नारायण कार्तिकेयन त्यांत चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय. ब्रिजस्टोनच्याच फायरस्टोन कंपनीचे टायर त्याच मैदानावर इंडी ५०० शर्यतीत धावत असत, त्यामुळे त्या वळणाची ओळख घरातच होती.

एवढी यंत्रे आणि एवढे गणित झाल्यावर चालकाच्या हातात काय उरते? पुष्कळ उरते. ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडणे, स्टिअरिंग कमीत कमी फिरवणे, चाक सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटर दाबण्याची घाई न करणे. पुढच्या गाडीला फार वेळ चिकटून राहिले तर तिच्या मागच्या विस्कटलेल्या हवेत आपल्या गाडीला खाली दाबणारी ताकद घटते, टायर जास्त घसरतो आणि तापतो. म्हणून शहाणा चालक थोडे अंतर ठेवतो आणि संधी दिसली की मगच जवळ जातो. पेरेझ या कामात वाकबगार मानला गेला. ६ एप्रिल २०१४ ला बहारीनमध्ये भारतीय मालकीच्या फोर्स इंडिया टीमला त्याने तिसरे स्थान मिळवून दिले.

मुंबईच्या जेहान दारूवालाला ही कला फॉर्म्युला टूमध्ये शिकावी लागली. तेव्हा तिथल्या रविवारच्या छोट्या शर्यतीत टायर बदलण्याची सक्ती नसे, सुटताना लावलेल्या चार टायरवरच शेवट गाठायचा असे. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनच्या साखीर ट्रॅकवर तो अशी शर्यत जिंकला आणि फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला.

पुण्याची डायना पंडोल हे उदाहरण आणखी जवळचे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेतले एमआरएफ सलून गटाचे विजेतेपद मिळवले. पुरुषांबरोबर स्पर्धा करून असा राष्ट्रीय किताब जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. या गटात सगळ्यांच्या गाड्या सारख्या, टोयोटा इटिओसवर बेतलेल्या, आणि टायरही सारखे. या गाड्यांची पुढची चाके ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही घेतात. सगळा ताण पुढच्या दोन टायरवर. सुरुवातीच्या फेऱ्यांत ते जाळले की शेवटी गाडी वळायचे नाव घेत नाही, सरळ बाहेर ओढते. जिथे इंजिनाने कुणाला पुढे जाता येत नाही, तिथे चालकाचे शहाणपण लगेच उघडे पडते. टायर राखणे शिकायला अशा एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतींसारखी दुसरी शाळा नाही. तेव्हा चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची चषक स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली, तिनेही अनेक तरुण चालकांना हेच शिकवले.

विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई स्पर्धेत प्रश्न उलट्या टोकाने येतो. मुंबईच्या महिंद्रा समूहाची टीम तिथे २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे आणि जून २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने तिला पहिला विजय मिळवून दिला. इथे कोरड्या रस्त्यावर आणि पावसात एकच नक्षीदार टायर वापरतात, आधी मिशेलिनचा आणि २०२३ पासून हँकूकचा. गरम गोधड्यांना परवानगी नाही. त्यामुळे टायर थंड करण्याआधी तो गरम कसा करायचा, हीच पहिली चिंता.

झिजलेले रबर वजनातूनही जाते आणि ते किती महाग पडू शकते हे २८ जुलै २०२४ ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर दिसले. मर्सिडीजचा जॉर्ज रसेल एकदाच थांबला, जुन्या टायरवर हॅमिल्टनला मागे ठेवत पहिला आला. नंतर गाडी वजनाला लावली तेव्हा ती ७९६.५ किलो भरली. तेव्हाचे किमान वजन ७९८ किलो. दीड किलोसाठी विजय रद्द झाला. एरवी शर्यत संपल्यावर चालक सावकाश फेरी मारताना ट्रॅकच्या कडेला पडलेले रबराचे तुकडे मुद्दाम टायरला चिकटवून घेतात, तेवढेच वजन वाढते. स्पाला मात्र गाड्या शेवटच्या रेषेनंतर लगेच पिटकडे वळवतात. झिजलेले टायर त्या वजनघटीतले एकमेव कारण नव्हते असे धरले, तरी एकदाच थांबण्याच्या डावात हा हिशेब आधीच करून ठेवायला हवा होता.

शिरूर आणि दौंडची मुले अभियांत्रिकीसाठी पुण्याला येतात. त्यांच्यासाठी या विद्येचे दार उघडे आहे. सीओईपीची ऑक्टेन रेसिंग आणि निगडीच्या पीसीसीओईची क्रॅटोस रेसिंग या विद्यार्थ्यांच्या टीम एका आसनाची शर्यतीची गाडी स्वतः बनवतात. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धा भरते. तिथे आठाच्या आकड्यात गाडी फिरवून टायरची पकड मोजली जाते आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत टायर, इंधन आणि चालक या सगळ्यांचा कस लागतो. अमेरिकेतल्या कॅलस्पॅन या संस्थेच्या यंत्रावर विद्यार्थ्यांच्या गाड्यांचे टायर तपासून त्याचे आकडे देणारा एक संघ आहे आणि ठरलेली फी भरून जगातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या टीमला ते आकडे मिळतात. त्यात प्रत्येक टायरची पकड भारानुसार, दाबानुसार आणि कलानुसार कशी बदलते हे दिलेले असते. झिजेचा तक्ता मात्र आपल्या गाडीचा आपणच करावा लागतो. अशा टीममध्ये जाणाऱ्या मुलामुलींनी पहिल्या सरावापासून प्रत्येक टायरला क्रमांक द्यावा. दाब, तापमान, फेऱ्या आणि तीन जागची खोली वहीत लिहावी आणि टायर बाद झाला तरी ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी.